वेशीपाशी वेग सोड

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि सायकल घेऊन बाहेर पडलो. आत्ताच परतलोय. अंगावरची धूळही झटकलेली नाही, पण आधी हे लिहून काढतो.

डोंगरातल्या खडीच्या रस्त्यावरच्या त्या फेरीत गावातून जाताना वासरू आडवं आलं. दावं सुटलेलं, मागून एक मुलगी धावत येत होती. तिच्या हाती वासरू लागेपर्यंत तू थांबलास. तेवढ्यात बाकीचे चढ ओलांडून दिसेनासे झाले, आणि पुढच्या फाट्यावर भेटल्यावर म्हणाले, "असं थांबणार असशील तर आमच्याबरोबर येऊ नकोस." आता तू मला विचारतोस, टायर बारीक घेऊ का, हलकी सायकल घेऊ का, की हा छंद आपल्यासाठी नाहीच?

सायकल बदलू नकोस. टायर तर मुळीच बारीक करू नकोस. आणि थांबलास ते बरोबर केलंस. वेशीपाशी वेग सोडायचा. माझं यावर दुसरं मत नाही.

टायरचं आधी उरकतो. खडीवर बारीक, कडक टायर प्रत्येक दगडावरून तुझ्यासकट सायकल वर उचलतो. त्या धक्क्यांत पायांची ताकद वाया जाते, वर मनगटं दुखतात. रुंद, थोडा मऊ टायर दगड पोटात घेतो. मी ७० किलोचा, टायर ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस. हवेचा दाब पुढे ३०, मागे ३३ पीएसआय ठेवतो. तू तुझ्या वजनाप्रमाणे दोन-दोननं हवा कमी करत जा. रिम दगडावर आपटायला लागली की दोननं वाढव. झालं. यासाठी पैसे लागत नाहीत.

आता खरा विषय. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. समोर काही आलं हे कळून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत सेकंदभर जातोच, म्हणजे ब्रेक लागायच्या आतच १० मीटर गेले. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं: १८ च्या वेगाला ३ मीटर लागत असतील तर ३६ ला १२. हे पक्क्या जमिनीचं. सुट्या खडीवर पकड कमी, त्यामुळे याहून जास्त. आणि तिथे घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबलास तर चाक घसरून तू आडवा. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी, दोन्ही मुठी हळूहळू आवळत. वळणात शिरल्यावर सायकल नुसती वाहू द्यायची.

पण वेस दिसल्यावर ब्रेक लावायचा, हेही उशिराचंच. गाव घरांच्या आधी सुरू होतं. रस्त्यावर ओलं शेण दिसलं, भाऱ्यातून गळलेल्या वैरणीच्या काड्या दिसल्या, कुठे कुत्रं भुंकलं, की गाव लागलं असं समज. गाड्या जिथे वेग बदलतात तिथे रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारखे आडवे उंचवटे उठलेले असतात. हाताला ते जाणवले तरी समज. बोटं ब्रेकवर तिथूनच हवीत. आणि एक लक्षात ठेव, आपल्या सायकलीला आवाज नसतो. या रस्त्यावरची माणसं कानांनी वाहन ओळखतात. इंजिन ऐकू आलं की ती आपसूक कडेला होतात. तू त्यांना ऐकूच येत नाहीस.

हे मला एका म्हातारीने शिकवलं, आणि तिला ते माहीतही नाही. उताराच्या शेवटच्या वळणावर ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्त्याच्या मधून चालली होती. त्या उतारावरच्या माझ्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या वेळेच्या मी चार सेकंद पुढे होतो. मी ओरडलो, ती दचकून बाजूला झाली, भारा पडला आणि फुटला. मी मागे वळून पाहिलं. गवत रस्ताभर पसरलेलं, आणि ती गुडघ्यांवर बसून ते गोळा करत होती. मी थांबलो नाही. ती वेळ मी वहीत लिहून ठेवली होती. पुढे सहा वर्षं त्या वाटेला गेलोच नाही. गेलो तेव्हा कुणाकडे चौकशी करावी हेच कळेना, कारण नाव-गाव विचारायला मी तेव्हा थांबलोच नव्हतो.

म्हणून सांगतो, वेशीपाशी वेग सोड. कुणीही काहीही म्हणो.

तुझे सोबती म्हणतील, मग शर्यतींचं काय? अमेरिकेत कॅन्ससच्या एम्पोरियातून निघणारी ३२० किलोमीटरची शर्यत २००६ पासून चालू आहे, तिथे वेगच लागतो आणि तिथे तो शोभतोही. ज्याला तसं पळायचंय त्याने नाव नोंदवून जरूर पळावं. पण दुसरीही एक गोष्ट त्यांना सांग. इटलीत तोस्कानाच्या टेकड्यांतले पांढऱ्या खडीचे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, म्हणून १९९७ मध्ये गायोले इन कियांती या गावातून काही लोक जुन्या सायकली घेऊन निघाले. लेरोइका म्हणतात तिला. ती फेरी रस्त्यासाठी होती. रस्ता आधी, सायकल मागून. मग तो रस्ता ज्यांच्या पायांखालचा आहे, त्यांना कडेला ढकलून तुला कुठे पोचायचंय?

माझा जुना गट सुटला, हे तुला कुणीतरी सांगेलच. मी हटवादी आहे, माझ्यामुळे सगळ्यांची लय मोडते, असंही सांगतील. प्रत्येक वेशीपाशी वेग सोडल्याने दिवसाच्या फेरीत फार तर वीस मिनिटं जातात, हे मी त्यांना घड्याळ लावून दाखवलं होतं. चढावर मी कधी मागे पडलो नाही. वीस मिनिटांसाठी त्यांनी मला सोडलं की मी त्यांना, याचा मी पुष्कळ विचार केलाय, आणि दर वेळी उत्तर एकच येतं: मी बरोबर होतो. वाईट वाटलं. अजून वाटतं. लांबच्या चढावर शेजारी कुणी श्वास टाकत असलं की बरं असतं. तरी मी बदलणार नाही.

आणि तू "मी कमी पडतो का" असं पुन्हा लिहू नकोस. राग येतो मला. वासरासाठी थांबणाऱ्याने कमी पडल्याचं दुःख करायचं, आणि पुढे निघून गेलेल्यांनी शिकवायचं?

उतारावर मागचा ब्रेक किंचाळतो म्हणालास. पॅडवर धूळ आणि तेल बसलं असेल. पॅड काढून बारीक पॉलिश पेपरवर घास, डिस्क स्पिरिटने पूस, आणि साखळीला तेल देताना डिस्कवर फडकं धरत जा. तरी गेला नाही तर पॅड बदल. मग त्याच फेरीला आपण दोघं जाऊ. चढावर तू पुढे राहा. उतारावर मात्र मी पुढे असेन, वेशीपर्यंत. ती मुलगी दिसली तर वासरू कसं आहे ते विचारू.

तुझा,
वाट पाहणारा