गड्ड्यात स्टेबल, मे महिन्यात ढेपाळला

यावेळी जेवढे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीचे आहेत, पीसी तापतोय. साहजिकच आहे की, दुपारी दोनला जिथं आपणच सावली शोधत फिरतो तिथं प्रोसेसरनं काय करावं. सगळे प्रश्न घेता येत नाहीत, काही एकात एक बसवलेत, रागावू नका.

प्रश्न (अशोक चौक): खाली आमचे लूम आहेत, वर पत्र्याची खोली, तिथं माझा पीसी. रायझन ५ ५६००एक्स आहे, सोबत एका फॅनचा टॉवर कूलर. गड्ड्याच्या (सोलापूरच्या जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत सगळे कोर ४.६ गिगाहर्ट्झला फिक्स केले, व्होल्टेज १.३ दिलं, रात्री तासभर सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण राबवणारी टेस्ट) लावून ठेवलं, ७६ डिग्रीच्या वर गेला नाही. आता एकही सेटिंग बदललेलं नाही तरी दुपारी गेम लावला की अर्ध्या तासात रीस्टार्ट व्हायलाय. रात्री दीडनंतर मात्र व्यवस्थित चालतो. मित्र म्हणतो पॉवर सप्लाय गेला. नवीन घेऊ का?

उत्तर: थांबा, पैसे खिशात ठेवा. रात्री दीडनंतर चालतो हे तुम्हीच लिहिलंय आणि उत्तर त्यातच आहे.

तुम्ही टेस्ट केली जानेवारीतल्या रात्री, खोलीत तेव्हा २४ डिग्री असेल असं धरू. ७६ मधून २४ गेले, राहिले ५२. म्हणजे तुमचा कूलर त्या लोडवर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा ५२ डिग्री वर धरून ठेवतो, त्याची ऐपत तेवढी. आता मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी ४१ असेल (आणि असतंच, पत्र्याखाली राहिलेल्याला सांगायला नको) तर ४१ अधिक ५२, झाले ९३. या चिपची मर्यादा ९५. गेममध्ये सिनेबेंचएवढा लोड नसतो हे खरं, पण गेममध्ये ग्राफिक कार्ड त्याच डब्यात गरम हवा सोडत असतं आणि कूलर तीच हवा ओढतो, त्यामुळे हिशोब फार काही उतरत नाही. शिवाय चिप गरम झाली की नुसता करंट झिरपायचं प्रमाण वाढतं, त्यातून आणखी उष्णता, आणि तेवढाच स्पीड धरायला तिला जास्त व्होल्टेज लागतं. तुम्ही मात्र १.३ वर खिळा ठोकलाय. ७० डिग्रीला जे व्होल्टेज पुरलं ते ९० ला पुरलं नाही, एक गणित चुकलं, झाला रीस्टार्ट. सप्लायची शंका असेलच तर एक दुपार बायोस (पीसी चालू होताना उघडणारं बोर्डाचं सेटिंग) डिफॉल्टवर ठेवून तोच गेम खेळून बघा, नीट चाललं तर सप्लायचा विषय संपला.

आता खरं बोलू का, तुमच्या या ओव्हरक्लॉकमधून, म्हणजे कंपनीनं दिलेल्यापेक्षा स्पीड वाढवण्यातून, मिळालं काय? ५६००एक्स एकदोन कोरवर काम असलं की स्वतःहूनच ४.६ पर्यंत जातो, कंपनीनंच तसं दिलंय. तुम्ही सगळ्या कोरना तिथं नेलं, ज्याचा फायदा रेंडरिंगला होतो, गेमला जवळपास नाही. आणि किंमत बघा. प्रोसेसर जी वीज खातो ती स्पीडच्या पटीत वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा ४.२ गिगाहर्ट्झला १.१५ व्होल्ट पुरत होतं आणि ४.६ ला १.३ लागलं, तर स्पीड वाढला साडेनऊ टक्के, वीज वाढली ४० टक्के. ते ४० टक्के तुमच्या खोलीतच उष्णता होऊन फिरतंय, पत्र्याखाली.

मी तुमच्या जागी असतो तर फिक्स स्पीड काढून टाकला असता. बायोसमध्ये पीबीओ (चिपचा आपोआप बूस्ट ठरवणारी एएमडीची सेटिंग) उघडा, त्यात कर्व्ह ऑप्टिमायझर आहे, सगळ्या कोरना निगेटिव्ह १० द्या, दोन दिवस वापरा, मग १५. म्हणजे चिप तोच स्पीड कमी व्होल्टेजवर गाठायला बघते. वीज मर्यादा स्टॉकचीच ठेवा, ७६ वॉट. तिथंच तापमानाची मर्यादाही टाकता येते, ८५ टाका, त्याच्यावर जायला लागला की स्पीड थोडा सोडेल पण बंद पडणार नाही. एक गंमत लक्षात ठेवा, निगेटिव्ह जास्त दिलं गेलं तर पीसी लोडवर मरत नाही, तुम्ही नुसतं यूट्यूब लावून चहा प्यायला गेलात की रीस्टार्ट होतो, कारण कमी लोडवर चिप सगळ्यात उंच स्पीडला उडी मारते आणि तिथंच व्होल्टेज अपुरं पडतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाची (हार्डवेअर चुकल्याची) एरर दिसायला लागली की समजायचं, पाच पायऱ्या मागे या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. खाली लूम आहेत म्हणता. कॅबिनेटची पुढची जाळी काढून बघितली कधी? मी आजवर लूमवाल्या घरातले जेवढे पीसी उघडले त्यात हीटसिंकच्या पात्यांवर कापसाचे तंतू असे बसलेले असतात की पंख्याच्या मागे अक्षरशः टॉवेलचा तुकडा लावलाय असं वाटतं. साधी धूळ फुंकर मारली की उडते, हे तंतू एकमेकांत विणले जातात, त्यात तेलकटपणा. बाहेरून पंखा फिरताना दिसतो म्हणून माणूस बिनधास्त, पण हवा आत जातच नाही. वरचा ५२ चा हिशोब स्वच्छ कूलरचा होता, चार महिन्यांच्या कापसानंतर तो ६० पण झाला असेल. पंखा काढा, ब्रशनं तंतू सोडवा, मग ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, मोकळं सोडलं तर ते नको तितक्या वेगानं फिरतं आणि बेअरिंगची वाट लागते. पुढच्या बाजूला बारीक जाळीचा फिल्टर लावा आणि दर पंधरा दिवसांनी झटका, तुमच्या घरात महिनाभर थांबून चालणार नाही.

यापुढे काहीही सेट केलंत की टेस्ट मे महिन्यात दुपारी करायची. गड्ड्यात स्टेबल म्हणजे फक्त गड्ड्यापुरता स्टेबल.

प्रश्न (जुळे सोलापूर): दादा, मी इंजिनिअरिंग सेकंड इयरला आहे. ३२०० ची डीडीआर४ रॅम घेतली, ८ च्या दोन स्टिक. टास्क मॅनेजर २१३३ दाखवतोय आणि सीपीयू-झेड तर १०६६. दुकानदारानं फसवलं का? आणि तो म्हणतो अजून पैसे टाक, ३६०० ची देतो.

उत्तर: नाही रे, दुकानदारावर एवढ्यात जाऊ नको. डीडीआर म्हणजेच एका ठोक्याला दोनदा डेटा, त्यामुळे खरं क्लॉक नेहमी अर्धं असतं आणि सीपीयू-झेड ते अर्धं दाखवतो. २१३३ चं अर्धं १०६६, बरोबरच आहे. उद्या तिथं १६०० दिसलं की ३२०० मिळाली समज. सध्या रॅम तिच्या साध्या स्पीडवर, १.२ व्होल्टवर चालू आहे. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा छापील स्पीड लावणारं तयार सेटिंग) ऑन कर, व्होल्टेज १.३५ होईल, स्पीड ३२०० येईल. आणि दोन्ही स्टिक शेजारी शेजारी लावल्या नाहीस ना? चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा. एक्सएमपीपेक्षा या चुकीचा फटका मोठा असतो, तरी निम्मे लोक तीच करतात.

३६०० चं म्हणशील तर आधी सीएल बघ, म्हणजे डेटा द्यायला रॅम किती ठोके घेते तो आकडा. सीएल गुणिले २००० भागिले स्पीड, एवढंच करायचं. ३२०० ला सीएल १६ असेल तर येतात १० नॅनोसेकंद, ३६०० ला सीएल १८ असेल तरी १०. डेटा थोडा जास्त वाहतो, पण वाट बघायचा वेळ तोच. त्यासाठी पैसे टाकू नको. मात्र तुझी ३२०० सीएल २२ असेल तर ती पावणेचौदा नॅनोसेकंद, मग विचार करायला जागा आहे.

रॅम ओव्हरक्लॉक करायची खुमखुमी मलाही होती म्हणून सांगतो. ३२०० ची जोडी मी डिसेंबरात ३६०० ला नेली, पाच महिने काही तक्रार नाही, एप्रिलच्या शेवटी झिप फाइली उघडेनात. पीसी चालू, गेम चालू, फक्त आतून डेटा सडायलाय आणि मला पत्ताच नाही, घरच्या लग्नाचे फोटो त्यात होते, नशीब पेन ड्राइव्हवर एक कॉपी होती. रॅमचा प्रत्येक कप्पा म्हणजे गळकी घागर, ठराविक वेळानं पुन्हा भरावी लागते, आणि गरम झाली की जास्त गळते. डीडीआर४ मध्ये कप्प्यांचा एकेक गट पुन्हा भरायची ही वेळ साधारण ७.८ मायक्रोसेकंदांनी येते आणि चिप ८५ डिग्रीच्या वर गेली की ती निम्मी, ३.९ करावी लागते. हौशी लोक स्पीडसाठी हीच वेळ उलट वाढवून ठेवतात आणि मग उन्हाळ्यात रडतात. प्रोसेसर चुकला की रीस्टार्ट होतो म्हणून कळतं तरी, रॅम गुपचूप चुकते. रॅमला हात लावलास तर मेमटेस्ट८६ च्या चारही फेऱ्या पास व्हायलाच पाहिजेत, एक जरी एरर आली तरी नापास. आणि त्यानंतर ग्राफिक कार्ड तापवून वेगळी टेस्ट, कारण मेमटेस्टमध्ये कार्ड थंडच असतं.

प्रश्न (होटगी रोड): रूममधला पाण्याचा कूलर थेट उघड्या कॅबिनेटवर मारला तर चालेल का? नाहीतर लिक्विड कूलिंग घ्यायचा विचार आहे, पाण्यानं थंडच राहील ना?

उत्तर: थेट मारू नका. ओलसर हवेनं लगेच काही होत नाही पण जाळीतून थेंब उडतात, आणि ज्या पाण्यानं कूलरच्या जाळीवर पांढरे थर बसतात तेच पाणी बोर्डावर सुकलं तर काय होईल बघा. कूलर खोलीसाठी लावा, समोरची खिडकी उघडी ठेवा, पीसी बाजूला. खोली जेवढी उतरेल जवळपास तेवढाच प्रोसेसर उतरतो, वेगळं काही करायला लागत नाही.

लिक्विडबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. माठातलं पाणी खोलीपेक्षा गार का असतं, तर ते पाझरतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. तुमच्या एआयओमधलं (तयार मिळणाऱ्या लिक्विड कूलरमधलं) पाणी सीलबंद असतं, वाळत नाही, ते फक्त उष्णता इथून उचलून रेडिएटरपर्यंत नेणारा हमाल आहे. रेडिएटरवरून जी हवा जाते ती ४० ची असेल तर पाणी ४० च्या खाली जाणं शक्यच नाही. माठ नव्हे तो. जास्त वॉटचा प्रोसेसर असेल तर एआयओ घ्या, ६५ वॉटवाल्याला चांगला टॉवर कूलर पुरे, त्यात पंप बिघडायची भानगडही नाही.

प्रश्न (सात रस्ता): व्हिडिओ एडिटिंगसाठी सेकंडहँड आय७ १३७००के घेतोय, ओव्हरक्लॉक करून वापरीन.

उत्तर: जरा थांबा. १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन चिप हळूहळू खराब व्हायचा प्रकार २०२४ मध्ये इंटेलनं स्वतः मान्य केला, ऑगस्टपासून त्यासाठी नवीन मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचना) बायोस अपडेटमधून आले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केली. पण अपडेट पुढचं नुकसान थांबवतं, झालेलं भरून काढत नाही. आधीच्या मालकानं जुन्या बायोसवर किती वापरला ते चिपवर लिहिलेलं नसतं. बिल मागा, वॉरंटी त्याच्या नावावरून तुम्हाला चालेल का बघा, त्याच्यासमोर तासभर रेंडर लावा. घेतलात तर पहिलं काम बायोस अपडेट, आणि ओव्हरक्लॉक नकोच.

प्रश्न (नवी पेठ): आमच्या काळी सेलेरॉन ३००ए होता, बायोसमध्ये एक आकडा बदलला की ४५०! आता तसं का होत नाही?

उत्तर: वा, जुनं माणूस भेटलं. १९९८ ची चिप ती. ६६ चा बस (बोर्डाचा मूळ ठोका) १०० केला, ४.५ चा गुणक तोच, ३०० चे सरळ ४५०, दीडपट, फुकट. तेव्हा कंपन्या चिपमध्ये भरपूर जागा शिल्लक सोडायच्या, आता ती जागा बूस्टच्या नावाखाली त्या स्वतःच वापरून टाकतात, आपल्यासाठी ताटात खरकटंच उरतं. त्यात इंटेलला नावात के असलेली चिप आणि नावात झेड असलेल्या चिपसेटचा बोर्ड दोन्ही लागतात. एएमडीत बी५५० बोर्डावर होतं, ए५२० वर प्रोसेसरचं नाही.

प्रश्न (विजापूर रोड): रॅमचा स्पीड वाढवला आणि आता डिस्प्लेच येत नाही, पंखे फिरतात. मेला का?

उत्तर: मेला नाही, घाबरू नका. आधी दोनतीन वेळा चालू बंद होऊ द्या, बरेच बोर्ड स्वतःच जुन्या सेटिंगवर येतात. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं काळा स्क्रीन राहणं नॉर्मल आहे, तेवढी कळ काढा. तरी नाही आलं तर प्लग भिंतीतून काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, बोर्डवरचा गोल सेल काढून पाच मिनिटांनी परत बसवा. सेल जुना असेल तर याच वेळी नवा टाका, सीआर२०३२ म्हणायचं, घड्याळवाल्याकडेही मिळतो.