दुसऱ्यांदा व्हिएन्ना, दुसऱ्यांदा बुडापेस्ट

प्रश्न : माझं वय 62. 2012 साली मी आणि माझी मैत्रीण एका सहल कंपनीबरोबर युरोपला गेलो होतो. तेरा दिवसांत आठ देश. त्यात व्हिएन्नाला एक दुपार आणि बुडापेस्टला एक रात्र नि अर्धी सकाळ मिळाली. तेव्हापासून ही दोन शहरं मनातून जात नाहीत. आता आम्ही दोघी निवृत्त झालोय आणि मला पुन्हा तिथेच जायचंय, फक्त आम्ही दोघी. मुलगा म्हणतो, "एवढे पैसे घालून बघितलेलंच काय बघायचं? नॉर्वेला जा." त्यामुळे मैत्रीणही डळमळली आहे. शिवाय दहा दिवस एकाच खोलीत राहून चाळीस वर्षांच्या मैत्रीत कडवटपणा येईल का, अशी धास्ती वाटते. काय करावं?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : ताई, जा. आणि तिथेच जा.

मीही 2009 मध्ये अशाच एका सहलीत ही दोन्ही शहरं 'केली' होती. व्हिएन्नात ऑस्ट्रियाची जुनी सम्राज्ञी मारिया तेरेसा हिच्या पुतळ्यापाशी अर्धा तास दिला होता. त्यातली वीस मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. पुतळ्याच्या एका बाजूला कलासंग्रहालयाची प्रचंड इमारत दिसत होती. मी सहल व्यवस्थापकाला विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, त्याला पूर्ण दिवस लागतो." ते वाक्य मी नऊ वर्षं बाळगलं.

2018 मध्ये मैत्रिणीबरोबर परत गेले ती त्या एका दिवसासाठी. 1891 मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात ब्रूगल या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराची, जगात एका ठिकाणी सर्वांत जास्त चित्रं आहेत. त्यातलं 1565 सालचं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र मी छापील कॅलेंडरवर पाहिलेलं होतं. प्रत्यक्षात समोर बसल्यावर कळलं की शिकारी किती दमलेत, कुत्र्यांच्या माना कशा खाली गेल्यात, आणि खाली गोठलेल्या तळ्यावर पोरं मात्र खेळतायत. चाळीस मिनिटं मी तिथून हलले नाही. लहानपणी दर रविवारी बाबा आम्हाला सयाजीबागेतल्या चित्रसंग्रहालयात न्यायचे. सयाजीराव महाराजांनी जमवलेली युरोपीय तैलचित्रं तिथे लावलेली आहेत. चित्रापुढे गप्प उभं राहायची सवय मला तिथे लागली. ती व्हिएन्नात कामी आली. जायच्या आधी तुम्ही दोघी एक रविवार तिथे घालवा, असं मी मनापासून सांगते.

आता दोघींनी एक करा. वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकींना न दाखवता, 2012 मध्ये काय बघायचं राहिलं ते लिहा. आमच्या कागदांवर एकही गोष्ट सारखी निघाली नाही. माझ्या मैत्रिणीला दफनभूमी बघायची होती! ती गाणं शिकलेली आहे. 71 नंबरची ट्राम धरून आम्ही मध्यवर्ती दफनभूमीत गेलो. बेटोव्हेन आणि शूबर्ट या थोर संगीतकारांच्या कबरी तिथे शेजारी शेजारी आहेत. आधी ते दुसऱ्या दफनभूमीत होते, 1888 मध्ये त्यांना इथे आणलं. तिने दोघांच्या पायाशी एकेक फूल ठेवलं आणि बराच वेळ बोलली नाही. मी एकटी असते तर तिकडे फिरकलेही नसते.

बुडापेस्टच्या माझ्या कागदावर एकच ओळ होती : नदीकाठचे बूट. पहिल्या वेळी रात्रीच्या बोटीतून दिव्यांनी उजळलेलं संसद भवन पाहून आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच काठावर, संसदेपासून चालत पाच-सात मिनिटांवर, लोखंडाचे साठ जोड बूट मांडलेले आहेत, हे कुणी सांगितलं नव्हतं. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथल्या फॅसिस्टांनी ज्यूंना काठावर उभं करून, बूट काढायला लावून गोळ्या घातल्या आणि देह नदीत लोटले. हे स्मारक 2005 चं. त्यात लहान मुलांचेही बूट आहेत. हे सकाळी लवकर बघा, आणि त्या दिवशी दुपारी दुसरं काही ठरवू नका.

दुसऱ्या दिवशी सेचेनीच्या गरम पाण्याच्या कुंडात जा. आंद्राशी रस्त्याखालून 1896 ची छोटी पिवळी मेट्रो थेट तिथे नेते. उघड्यावर वाफाळतं पाणी, आणि छातीएवढ्या पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळणारे आजोबा. पोहण्याचे कपडे इथूनच न्या. या वयात ते घालायचा संकोच आम्हालाही वाटला होता, पण तिथे आपल्याकडे कुणी बघतही नाही. एक सावधगिरी : मेट्रोचं कागदी तिकीट काढलं तर ते यंत्रात छापून घ्यावं लागतं. आम्ही विसरलो आणि दंड भरला.

मैत्रीबद्दल. खोली ठरवताना दोन सुटे पलंग आहेत का, हे लेखी विचारून घ्या. तिकडे बरेचदा एकाच चौकटीत दोन गाद्या असतात, आणि घोरण्यावरून मनं दुखावतात. घर भाड्याने घेणार असाल तर लिफ्टचं विचारा. व्हिएन्नाच्या जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर एक-दोन मधले मजले असतात, त्यामुळे त्यांचा 'पहिला मजला' आपल्या दुसऱ्या-तिसऱ्याइतका उंच निघतो. गुडघ्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. आणि प्रत्येक शहरात एक दिवस दोघींनी वेगळं फिरा. रात्री जेवताना सांगायला काहीतरी असतं.

व्हिसा एकच, शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर आधी उतरणार त्या देशाकडे. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. ऑस्ट्रियात युरो चालतो, हंगेरीत फोरिंट. व्हिएन्नाच्या ऑपेरात उभ्याने ऐकायची स्वस्त तिकिटं मिळतात, जागा धरायला कठड्याला रुमाल बांधतात. पण जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतो, म्हणून मे किंवा सप्टेंबर धरा. रविवारी व्हिएन्नातली बहुतेक दुकानं बंद असतात, दूध-पाव शनिवारीच घ्या. आणि व्हिएन्नाहून बुडापेस्टला विमानाने नको, रेल्वेने जा. अडीच-पावणेतीन तास लागतात. त्या गाडीत खायला आम्ही बडोद्याचा लीलो चेवडो नेला होता. समोरच्या आजींनी दोनदा मागून घेतला.