प्रथिनशर्करा की शर्कराप्रथिन?

खानापूरच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, यकृतावर मराठीतून टिपण लिहिताना ‘प्रोटिओग्लायकन’ या संज्ञेसाठी ‘शर्कराप्रथिन’ हा शब्द वापरता येईल का, आणि ही द्रव्ये पेशींभोवतीच्या ज्या भागात (इंग्रजीत ‘एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स’) आढळतात त्याला ‘बाह्यपेशीय आधारद्रव्य’ म्हणावे की ‘पेशीबाह्य आधारद्रव्य’.

‘शर्कराप्रथिन’ येथे वापरू नये, कारण तो शब्द ग्लायकोप्रोटीन या वेगळ्या द्रव्याला हवा आहे. दोन्ही नावांत घटक तेच असले तरी त्यांचा क्रम उलटा आहे, आणि हा क्रमच अर्थ सांगतो. मराठी तत्पुरुष समासातही तसेच घडते. साखरभात हा भातच असतो, साखर त्याचे केवळ विशेषण होते. पदे उलटी करून कोणी ‘भातसाखर’ म्हटले तर ऐकणारा साखरेचाच एखादा प्रकार डोळ्यांपुढे आणील. त्याचप्रमाणे ग्लायकोप्रोटीन हे मुळात प्रथिन असून त्याला शर्करांच्या आखूड, बहुधा फाटे फुटलेल्या साखळ्या जोडलेल्या असतात, तर प्रोटिओग्लायकनमध्ये गाभ्याच्या प्रथिनाला ग्लायकोसॅमिनोग्लायकन नावाच्या लांब, सरळ साखळ्या जोडलेल्या असतात आणि द्रव्याचे गुणधर्म मुख्यतः त्याच ठरवतात. या साखळ्यांत दोन शर्करांची तीच जोडी पुनःपुन्हा येते. त्यांच्यावरील सल्फेट व कार्बोक्सिल गटांमुळे त्यांना ऋण विद्युत्भार मिळतो आणि त्या भोवती पाणी धरून ठेवतात. आपल्याकडच्या भाताच्या लोंबीत मधला देठ असतो, पण नजरेत भरतात ते त्याला लगडलेले दाणे. तसेच काहीसे हे आहे.

म्हणून उत्तरपद, म्हणजे समासातले दुसरे पद, शर्करावाचकच हवे. मात्र नुसते ‘शर्करा’ म्हटल्यास चहातली साखर आठवते, आणि ग्लायकन म्हणजे अनेक शर्करांची साखळी असल्याने ‘प्रथिन-बहुशर्करा’ हा शब्द मला अधिक काटेकोर वाटतो. तो ‘प्रथिनयुक्त बहुशर्करा’ असा मध्यमपदलोपी समास समजावा. ‘प्रथिन आणि बहुशर्करा’ असा द्वंद्व समास मानला तर दोन सुटी द्रव्ये असल्याचा गैरसमज होईल. येथे वजनाचा निकष लावू नये. काही प्रोटिओग्लायकनांत शर्करेचा वाटा ९५ टक्क्यांपर्यंत जातो, पण डेकोरिनला अशी एकच साखळी असते आणि तरीही ते प्रोटिओग्लायकनच आहे. बायग्लायकनला दोन असतात, म्हणूनच ते नाव (‘बाय’ म्हणजे दोन).

या शब्दकुळात यकृत स्वतःही दडलेले आहे. अमेरिकेतील वैद्यकाचे विद्यार्थी जे मॅक्लेन यांनी १९१६ मध्ये रक्त गोठू न देणारे द्रव्य वेगळे केले, आणि ते यकृतातून मुबलक मिळाल्याने विल्यम हॉवेल यांनी १९१८ मध्ये यकृतवाचक ग्रीक शब्दावरून त्याला ‘हेपरिन’ हे नाव दिले. ‘हेपरन सल्फेट’ या ग्लायकोसॅमिनोग्लायकन साखळीचे नावही त्याच्याच नात्यातले. निरोगी यकृतात हेपरन सल्फेटधारी प्रोटिओग्लायकनांचे प्राबल्य असते. यकृतपेशींच्या पृष्ठभागावरील सिंडेकन हे त्यांपैकीच एक. फायब्रोसिसमध्ये, म्हणजे यकृतात तंतुमय ऊती वाढू लागतात तेव्हा, काँड्रॉइटिन व डर्मेटन सल्फेट या दुसऱ्या प्रकारच्या साखळ्यांचे प्रमाण वाढते. टिपणात ही नावे भाषांतरित न करता तशीच ठेवावीत.

दुसऱ्या प्रश्नातही क्रमाचाच मुद्दा आहे. ‘बाह्यपेशीय’ हा शब्द बाहेरच्या पेशींशी संबंधित असे सुचवतो, आणि येथे अभिप्रेत आहे ते पेशींच्या बाहेरचे. त्यामुळे ‘पेशीबाह्य’ हेच योग्य.

सीमाभागातील शिक्षकांसाठी आणखी एक सूचना करावीशी वाटते. आपल्या वर्गातील काही मुले कन्नड माध्यमातून आलेली असतात. त्यांनी यकृतासाठी ‘पित्तजनकांग’ आणि पेशीसाठी ‘जीवकोश’ हे शब्द शिकलेले असतात, तर घरी मटणाच्या वाट्यात येणाऱ्या त्याच अवयवाला ती काळीज किंवा कलेजी म्हणतात. ‘पित्तजनकांग’ हा पित्त निर्माण करणारे अंग असा स्वच्छ संस्कृत समास आहे आणि मराठी कानालाही तो सहज कळतो. मराठी विश्वकोशाच्या जुन्या खंडांत पेशीला ‘कोशिका’ म्हटले आहे, ते तर जीवकोशाच्या अगदी जवळचे आहे. हे शब्द पहिल्या उल्लेखात शेजारी द्यावेत. त्यानुसार आपल्या टिपणाचा आरंभ असा करता येईल: ‘यकृताच्या (पित्तजनकांगाच्या) पेशीबाह्य आधारद्रव्यात प्रोटिओग्लायकने, म्हणजे प्रथिनाच्या गाभ्याला जोडलेल्या बहुशर्करा, असतात.’