पहिल्याच गेममध्ये डायर वुल्फ? जरा थांब

साताऱ्यात डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ) नवा ग्रुप जमवतोयस, झकास! पण पहिल्या लेव्हलच्या चौघांवर तीन डायर वुल्फ (साध्यापेक्षा दांडगे लांडगे) सोडायचा बेत आधी मोड. मीही हेच केलं होतं. चहा यायच्या आत अख्खी पार्टी आडवी.

२०१४च्या नियमांत या लांडग्याचे हिट पॉइंट (म्हणजे किती मार झेलेल) ३७ आणि चावा सरासरी १० चा. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे सात-आठच असतात, म्हणजे एका चाव्यात गडी खाली. त्यामुळे सुरुवातीला एकच आण, हवं तर सोबत एखादा साधा लांडगा.

नवे डीएम (गेम चालवणारे) हमखास चुकतात ते इथे:

- सगळे लांडगे वेगवेगळ्या गड्यांवर धावतात. डायर वुल्फची खरी ताकद म्हणजे पॅक टॅक्टिक्स, कळपाने हल्ला. साथीदार सावजापासून पाच फुटांत असेल तर हल्ल्याचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. दोन लांडगे असतील तर दोघे एकावरच घाल.
- चावा बसला की स्ट्रेंग्थ सेव्ह (ताकदीवर तग धरायचा फासा, किमान १३ हवेत) मागायचं विसरतात. हा सेव्ह हुकला तर गडी जमिनीवर.
- लांडगा मरेपर्यंत लढतो. कशाला? तो जनावर आहे, निम्मा घायाळ झाला की पळू दे.

माण-खटावकडच्या एखाद्या मेंढपाळाला विचार, लांडगा कळपात कसा शिरतो. कडेचं, मागं राहिलेलं कोकरू आधी. तुझ्या टेबलावर ते कोकरू म्हणजे एकटा मागं रेंगाळणारा धनुर्धारी.

बाकीचं नंतर बघू. रविवारी एकच लांडगा घेऊन बस.