निसिम, आपलं नाव बत्तिसाव्या अध्यायातलं

प्रिय निसिम,

परवा सकाळी मी रात्रपाळी करून घरात पाऊल टाकते न टाकते तोच तू दप्तर पाठीवर अडकवत विचारलंस, "आई, इथे इस्राएलात वर्गातले सगळेच ब्नेई यिस्राएल, सगळेच येहुदी. मग कोकणातून आलेल्या आपल्यालाच वेगळं 'बेने इस्राएल' का म्हणतात? आपण काय डबल आहोत?" माझे डोळे मिटत होते. संध्याकाळी सांगते म्हटलं, तर संध्याकाळी तू फुटबॉलला. म्हणून हे पत्र मसाल्याच्या डब्याखाली ठेवतेय. मुद्दाम मराठीत लिहिलंय. जोडाक्षरांना अडलास तर आजीला विचार, तिलाही बरं वाटेल.

गंमत अशी की गेला महिनाभर तू जे घोकतोयस त्यातच तुझं उत्तर आहे. तुझ्या बार मित्झ्वाला, तेराव्या वर्षीच्या विधीला, सगळ्यांसमोर म्हणायला तोराहचा, आपल्या मूळ धर्मग्रंथाचा, कुठला भाग आला? वायिश्लाख. तोराहच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, बत्तिसाव्या अध्यायात सुरू होणारा. चाल तुझी पाठ झालीय, पण गोष्ट नीट ऐकलीस का?

याकोव मामाकडे वीस वर्षं राबून, मामाच्याच दोन मुली बायका करून परत निघालेला असतो. (कोकणात हे ऐकून कुणी भुवई उंचावली नसती.) वाटेत निरोप येतो की ज्याला आपण फसवलं तो थोरला भाऊ एसाव चारशे माणसं घेऊन येतोय. याकोवाची पाचावर धारण बसते. भावाला गार करायला तो आहेर पुढे पाठवतो, आणि तोराहने त्याची वाण्याच्या वहीसारखी यादीच दिलीय: शेळ्या २००, बोकड २०, मेंढ्या २००, मेंढे २०, दुभत्या सांडण्या ३० पिल्लांसकट, गायी ४०, बैल १०, गाढवं ३०. मग बायकामुलांना याब्बोक नदीच्या पार करून हा एकटा मागे राहतो. रात्रभर कुणीतरी त्याच्याशी झोंबतो. कोण ते तिथे 'एक माणूस' एवढंच म्हटलंय. उजाडायला येतं तरी हा सोडत नाही. समोरचा त्याच्या मांडीच्या सांध्याला हात लावतो, सांधा निखळतो, तरी हा म्हणतो, आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही. तेव्हा तो विचारतो, तुझं नाव काय? आणि सांगतो, यापुढे याकोव नाही, यिस्राएल. कारण तू देवाशी आणि माणसांशी झगडलास आणि टिकलास.

म्हणजे आपलं नाव ज्याच्यावरून पडलं तो माणूस त्या सकाळी लंगडत निघाला होता. लहानपणी मला हे कळलं तेव्हा जरा हिरमुसले होते मी. एखादा घोड्यावरचा पूर्वज मिळाला असता तर मैत्रिणींना सांगता आलं असतं.

'बेन' म्हणजे मुलगा हे तुला मी सांगायला नको. 'ब्नेई' म्हणजे अमक्याचे मुलगे, आपलं 'बेने' ते हेच. 'ब्नेई यिस्राएल' म्हणजे त्या लंगडणाऱ्याची लेकरं. निर्गमाच्या पुस्तकाची सुरुवातच त्यांच्या नावांनी होते, मिसरात गेलेल्या यिस्राएलच्या मुलांची नावं अशी, म्हणून. तिथे ते एक कुटुंब असतं. आणि त्या कुटुंबाला 'अम', म्हणजे एक समाज, असं पहिल्यांदा कोण म्हणतं माहितीये? फारो, मिसरचा राजा. पहिल्याच अध्यायात, नवव्या ओळीत. हे लोक आपल्याहून वाढलेत अशी त्याला धास्ती वाटते, तेव्हा. नाव बापाचं, पण तो एक समाज आहे असं पहिल्यांदा बोलला तो शत्रू.

आता तुझा खरा प्रश्न. सगळेच ब्नेई यिस्राएल, तर बाकीचे स्वतःला 'येहुदी' का म्हणवतात? कारण याकोवाच्या बारा मुलांतला एक येहुदा. लेआचा चौथा. तो झाला तेव्हा ती म्हणाली, या वेळी मी देवाचे आभार मानीन, आणि त्या आभारावरून त्याचं नाव ठेवलं. पुढे या बारा जणांच्या वंशजांचं राज्य दुभंगलं. उत्तरेकडचं यिस्राएल इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या राजाने बुडवलं, दक्षिणेकडचं येहुदा आणखी काही काळ तगलं, आणि त्याचं नाव मागे उरलेल्या सगळ्यांना चिकटलं. शास्त्रात एस्तेरच्या गोष्टीतला मोर्दखाय बघ, वंशाने बिन्यामीनचा, तरी त्याला येहुदी म्हटलंय.

आपल्याला मात्र ते नाव चिकटलंच नाही. आपली म्हातारी माणसं सांगत की आपले लोक गलबतातून आले, कोकणात नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांची प्रेतं वाहून आली ती तिथेच पुरली. हायिम सॅम्युएल केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, त्यांनी हे सगळं इ.स.पू. १७५ च्या आसपास नेलं. मी त्या तारखेवर पैज लावणार नाही. पण नवगाव खरं आहे, तिथली वाळू माझ्या पायाला लागलीय.

पोथ्या समुद्रात गेल्या असंच सगळे सांगत. हाती काय राहिलं? शनिवारी काम नाही. आठव्या दिवशी सुंता. खवले आणि पर नसलेली मासळी चुलीवर चढवायची नाही. आणि प्रार्थनेची एक ओळ: शमा यिस्राएल, ऐक, हे यिस्राएल. जन्माला शमा, लग्नाला शमा, मयताला शमा. पुढचं-मागचं काही येत नसताना ती एकच ओळ. तिच्यातही दुसरा शब्द 'यिस्राएल'च आहे, बघ. कोचीनचे येहुदी व्यापारी एझेकिएल राहाबी यांनी १७६८ मध्ये आम्स्टरडॅमला पत्र लिहिलं, त्यात कोकणातल्या या तेल गाळणाऱ्या लोकांबद्दल जवळपास हेच सांगितलं: शमा म्हणतात आणि शब्बाथ, शनिवारचा विसावा, पाळतात, बाकी काही नाही.

गावकरी आपल्याला शनवार तेली म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवायचे ते सोमवार तेली, शनिवारी बंद ठेवायचे ते आपण. इतकी साधी वाटणी. शुक्रवारी दिवस मावळला की बैलाच्या डोळ्यांवरची झापड काढायची, ती शनिवारी चांदण्या दिसल्यावरच परत बांधायची. माझ्या आजीने घाणा स्वतः चालवलेला नव्हता, पण तिच्या सासरी ओटीवर घाण्याचं लाकूड पडलेलं होतं. आम्ही त्यावर बसून आवळे खायचो. इतक्या वर्षांनीसुद्धा हाताला जरा तेलकट लागायचं.

मला यातलं सगळ्यात नवलाचं काय वाटतं सांगू? सणांची नावंसुद्धा आपली मराठी झाली. रोश हशाना, आपलं नवं वर्ष, म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूर, उपासाचा मोठा दिवस, म्हणजे दारफाळणीचा सण, दारं लावून आत बसायचं म्हणून. पुरीम, एस्तेरच्या गोष्टीचा सण, म्हणजे होळीचा सण. तिशा ब'आवला, मंदिर पडल्याच्या उपासाला, आजी अजून बिरड्याचा रोजाच म्हणते, आणि वाल मोड आणून सोलायला तुलाच बसवते. पाहिलंस, 'बिरडं' मराठी आणि 'रोजा' मुसलमान शेजाऱ्यांचा. आडनावं गावांची: पेणकर, रोहेकर, केहीमकर, दिवेकर. भाषा, साडी, मंगळसूत्र, सगळं तिथलं. तेवढं स्वतःचं नाव मात्र शास्त्रातलं, हिब्रू, जसंच्या तसं राहिलं.

का राहिलं? केहीमकरांच्या काळापासून एक कारण सांगतात आणि मला ते पटतं. कोकणात मुसलमानांची वस्ती होती, जंजिऱ्याला सिद्दी होता. त्यांच्या कुराणातही हे नाव आहे, 'बनी इस्राईल'. सतराव्या सूऱ्याचं एक नाव तेच आहे. कुराणात 'यहुद' हा शब्द पुष्कळदा रागाच्या बोलण्यात येतो, पण बनी इस्राईलला देवाने दिलेल्या कृपेची आठवण पुन्हापुन्हा करून दिलीय. शेजाऱ्याच्या पोथीत आपलं नाव बऱ्या शब्दांत असेल तर माणूस तेच सांगेल की नाही? आपल्या समाजाच्या पंचांना काझी म्हणत, प्रार्थनाघराला मशीद म्हणत, तिथे हे नाव बिचकवणारं नव्हतं.

याचीच एक गोष्ट आहे. सामाजी हसाजी दिवेकर, इंग्रजी नाव सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, इंग्रजांच्या मुंबईच्या फौजेत होते. म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या हाती सापडले. कैद्यांना जात विचारली तेव्हा हे म्हणाले, बेने इस्राएल. टिपूच्या आईने ते ऐकलं आणि लेकाला म्हणाली, कुराणात ज्यांचं नाव वाचलं ती माणसं मी कधी पाहिली नव्हती, यांना मारू नकोस. असं सांगतात. ही गोष्ट मी दहा तोंडांतून ऐकली आणि दर वेळी आईचे शब्द थोडे वेगळे असायचे, तेव्हा तू ती गोष्ट म्हणूनच घे. दिवेकर सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत मांडवीला आपलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, बांधलं, हे मात्र पक्कं. शाआर हाराहामीम, दयेचं दार. लोक त्याला जुनी मशीद म्हणत. मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं आपली माणसं छाती फुगवून सांगतात.

नाव टिकलं म्हणजे सगळं गोड होतं असं नाही हां. एका बापाची लेकरं म्हणवणाऱ्या आपल्यातच गोरे आणि काळे असे दोन भाग होते, आणि त्यांच्यात सोयरीक होत नसे. शेजाऱ्यांकडून हेही शिकलो. आजीसमोर हा विषय काढू नकोस, ती ताट सोडून उठेल.

शाळेत या नावाने मला एकदा चांगलंच रडवलं होतं. चौथीत नवे गुरुजी हजेरीपटावर जात लिहून घेत होते. माझ्या बाबांनी सांगितलं बेने इस्राएल, त्यांनी लिहिलं 'बेणे इस्राएल'. आता बेणं म्हणजे उसाचं, हळदीचं लावायचं बियाणं, आणि वात्रट पोराला शिवी द्यायची असली की तेही बेणंच. वर्षभर मुलं मला "ए बेण्या" म्हणून हाक मारत. बाबा हसले. म्हणाले, अगं चुकलं कुठे? एवढंसं बेणं वाहून आलं आणि कोकणात रुजलं.

आणि मग इथे आलो, जिथे बसचा ड्रायव्हरसुद्धा ब्नेई यिस्राएल. इथे तर नुसतं नाव सांगितलं की झालं, असं वाटलं असेल ना आधी आलेल्यांना? झालं उलटंच. १९६२ मध्ये इथल्या मुख्य धर्मपीठाने लग्न लावणाऱ्यांना सांगितलं की बेने इस्राएलपैकी कुणी आपल्याबाहेरच्या येहुदी समाजात लग्न करत असेल तर त्याच्या मागच्या पिढ्या तपासून घ्या. ज्यांच्या नावातच यिस्राएल त्यांनाच विचारायचं, तुम्ही यिस्राएल का? आपले लोक जेरुसलेमला जाऊन ठाण मांडून बसले, बायका, मुलं, म्हातारी सगळी. १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने, इथल्या संसदेने, ठराव केला की हे लोक सर्वार्थाने येहुदी आहेत, त्यात कमीजास्त काही नाही. मग त्या आदेशातलं आपलं नाव काढलं गेलं. टिपूच्या दरबारात एका शब्दावर भागलं, इथे दोन वर्षं लागली. हे मला अजून टोचतं, खोटं कशाला बोलू.

तर वर्गात कुणी विचारलं तर सांग, डबल नाही. कोकणात दुसरे कुणी येहुदी नव्हते, म्हणून सगळ्यांचं नाव आपल्या एकट्यांचं झालं. मग सगळ्यांत येऊन मिसळलो तरी ते अंगावरून उतरलं नाही. आणि तो इताय तुला 'होदी', हिंदुस्तानी, म्हणून चिडवतो ना, तेही शास्त्रातलंच आहे म्हणावं. पुरीमला एस्तेरची गुंडाळी उघडली की पहिल्याच ओळीत होदू, म्हणजे हिंदुस्तान, येतं, होदूपासून कूशपर्यंत १२७ प्रांत. हिब्रूत होदू म्हणजे टर्की कोंबडाही होतो, ते त्याला सांगू नकोस.

आता एक तक्रार. काल तू मोठ्याने म्हणत होतास तेव्हा मी भिंतीपलीकडून ऐकत होते. कुस्तीचा भाग ऐटीत म्हणतोस आणि अध्यायाची शेवटची ओळ, तेहतिसावी, गाडी सुटल्यासारखी पळवतोस. तीच तर आपली ओळ. याकोवाच्या मांडीची शीर दुखावली, म्हणून ब्नेई यिस्राएल आजपर्यंत ती शीर खात नाहीत, असं तिथे आहे. 'ब्नेई यिस्राएल' त्या गोष्टीत पहिल्यांदा तिथे येतं, नाव मिळाल्यावर चारच ओळींनी, आणि तेही काय खायचं नाही ते सांगायला. तिथे जरा थांब. आजी पुढच्या रांगेत बसणार आहे, तिला ते दोन शब्द ऐकू यायला हवेत.

शुक्रवारी सकाळी मलिद्याची, संदेष्टा एलियाहू हानबीच्या नावाने करायच्या गोड पोह्यांची, तयारी आहे. पोहे आणि वेलची मी आणलीत, बदाम आजी भिजत घालेल. एलियाहू हानबीच्या ताटात पाच फळं लागतात, चार झालीत, पाचवं तू शाळेतून येताना घेऊन ये, पण डाळिंब नको, ते आहे. आणि दोन नारळ खवायचेत. मिक्सर लावायचा नाही म्हणतेय आजी. तेव्हा खवणीवर तूच बसायचंस.

तुझी आई