चालताना मान वळवली की तोल का जातो?

प्रश्न : माझे वय ७२ वर्षे आहे. रोज सकाळी अर्धा तास फिरायला जातो. सरळ चालताना काहीच त्रास होत नाही. परंतु मागून कोणी हाक मारली किंवा रस्ता ओलांडताना मान वळवली, की पाऊल तिरके पडते. मणके झिजले असतील असे समजून घरच्यांनी मानेचा पट्टा आणून दिला आहे. तो लावून चालावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : डॉक्टरांनी मान तपासून सांगितल्याखेरीज पट्टा लावू नये. आपण वर्णन केलेला त्रास बहुधा मणक्यांपेक्षा कानाशी अधिक संबंधित असावा.

या ओळी वाचताना डोके 'नाही' म्हणतो तसे हलवून पाहा. अक्षरे जागेवर राहतील. आता डोके स्थिर ठेवून मासिक तेवढ्याच वेगाने हलवा. अक्षरे पुसट होतील. हा फरक आतल्या कानामुळे पडतो. तेथील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात आणि सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात डोळे उलट दिशेला फिरवले जातात. वयानुसार या नलिकांतील संवेदनशील पेशी कमी होत जातात, त्या पुन्हा तयार होत नाहीत, आणि तळपायांची जाणीवही मंदावते. त्यामुळे शरीर तोल सांभाळण्यासाठी डोळ्यांवर अधिक विसंबू लागते. मान वळवली की नेमका हाच आधार क्षणभर डळमळतो.

तरुणपणी चालताना पावलांचे हादरे धड आणि मान मध्येच जिरवतात, म्हणून साधारण पाच किलो वजनाचे डोके बरेचसे स्थिर राहते. उतारवयात अनेकजण नकळत मान ताठ धरतात आणि मागे पाहायचे झाले तर सगळे अंगच वळवतात. ही युक्ती त्या क्षणापुरती उपयोगी पडते. मात्र मान हलवणेच सोडले, तर मेंदूला कानाच्या उणिवेशी जुळवून घेण्याचा सराव मिळत नाही. पट्ट्याने हेच घडते. इंग्लंडमध्ये १९४० च्या दशकात कॉथॉर्न आणि कुकसी या डॉक्टरांनी चक्कर येणाऱ्या रुग्णांना पडून राहू न देता डोके आणि डोळे हलवण्याचे व्यायाम दिले. आजचे उपचार त्याच वाटेने जातात.

आपण खुर्चीत बसून हात लांब करावा, अंगठ्यावर नजर खिळवावी आणि मान सावकाश डावी-उजवीकडे फिरवावी. अंगठा स्पष्ट दिसेल एवढाच वेग ठेवावा. हे जमले की ओट्याला धरून उभ्याने, आणि पुढे कोणी सोबत असताना भिंतीलगत चालत करावे. थोडे गरगरल्यास घाबरू नये; मळमळ होत असेल तर मात्र वेग कमी करावा. चक्कर थांबवणाऱ्या गोळ्या महिनोन्महिने घेत राहण्याची आपल्याकडची सवय मला चिंताजनक वाटते, कारण त्यांतील काही गोळ्या मेंदूचे हे जुळवून घेणेच लांबवतात. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल, तर फिरायला जाताना केवळ दूरचा चष्मा वापरावा.

अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद खोली फिरत असेल, तर तो वेगळा विकार असतो आणि कानाचे डॉक्टर डोके ठरावीक क्रमाने वळवून तो बहुधा बरा करतात. हातांना मुंग्या येत असतील किंवा पाय जड पडत असतील, तर व्यायामाआधी मणके तपासून घ्यावेत. अचानक दोन-दोन दिसू लागले किंवा बोलणे अडखळले, तर थेट रुग्णालय गाठावे.

तोवर मागून हाक आली की आधी थांबावे, दोन्ही पाय टेकवावेत आणि मगच मान वळवावी. हाक मारणारा तेवढा वेळ थांबतोच.