एकाच टेबलावर तीन मॉडेल किट एकदम करता येतात का? पुण्याच्या पावसाळ्यात रंग वाळतच नाही.

येतात, पण तिन्ही वेगळ्या टप्प्यावर हवीत: एक जोडणीत, एक रंगात, एक डेकलवर (म्हणजे चिन्हं-आकड्यांचे स्टिकर चिकटवण्यावर). प्रत्येकाला झाकणाचा वेगळा डबा ठेवा. भाग लागेल तेव्हाच कापा. नंबर स्प्रूवर, म्हणजे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर असतो, सुटा भाग ओळखताना डोकं उठतं.

इनॅमल रंगाला (तेलावर आधारित) एरवी किमान 24 तास द्या, जुलै-ऑगस्टात आणखी. दमट हवेत लॅकरचा क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) मारलात तर पांढुरका, धुरकट थर येतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते. ते काम उघडीपीवर ढकला, तोवर दुसऱ्या किटचं सँडिंग उरका. मात्र ओला रंग आधी झाका, धूळ चिकटते. आणि मास्किंग टेप लावून किट आठवडेच्या आठवडे बाजूला ठेवू नका, गोंद रंगावर उतरतो.